ट्रॅक डेला हेडलाइट आणि रंग कसे सांभाळावेत: मार कोणी खायचा, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या महिन्यात तुम्ही रोजच्या वापरातली गाडी पहिल्यांदाच ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर वेगात चालवण्याच्या दिवसाला, नेली. परत आल्यावर ती धुतली तेव्हा बंपरवर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर नऊ-दहा टवके उडालेले दिसले, चाकांच्या मागच्या भागावर खरखरीत काळे डाग चिकटलेले होते आणि डावा हेडलाइट उजव्यापेक्षा धूसर वाटू लागला होता. पुढचा ट्रॅक डे तीन आठवड्यांवर आला आहे. एकाने टेप लावायला सांगितले, दुसऱ्याने सिरॅमिक कोटिंग (रंगावर द्यायचा पातळ, कठीण लेप) करायला, तिसऱ्याने पीपीएफ (रंगावर बसवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) बसवायला, आणि यांतले नेमके काय करावे हे तुम्हाला ठरवता येईना. बंपर दोन वर्षांपूर्वी एका किरकोळ धडकेनंतर पुन्हा रंगवला आहे, असेही तुम्ही जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिले आहे. माझ्या दृष्टीने ती ओळ तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्यांची आदल्या दिवशीची तयारी आणि दुसऱ्या दिवशीची साफसफाई ही कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्यामुळे ‘काय लावू?’ असे कोणी विचारले की मी आधी ‘कशाने खराब झाले?’ असे विचारतो. तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळी नुकसाने आहेत. टवके खडीने उडवलेले आहेत. काळे डाग म्हणजे तापलेल्या टायरमधून सुटून रंगावर चिकटलेले रबर आहे. हेडलाइटचा धूसरपणा बहुधा बारीक वाळूने आला आहे, म्हणजे एका मोठ्या फटक्याने नव्हे, तर शेकडो बारीक कणांनी दिवसभर घासल्यामुळे. यांतल्या पहिल्यावर जो उपाय चालतो तो दुसऱ्यावर फारसा उपयोगी नाही, आणि तिसऱ्यासाठीचा उपाय चुकीच्या पद्धतीने केला तर दिवा जास्तच खराब होतो.

आधी खडीचे पाहू. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून रंगाची जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. म्हणजे जो थर झळाळी देतो आणि उन्हापासून रंगाला वाचवतो, तो माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. दुसऱ्या बाजूला खड्याचा मार वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: ताशी 90 किलोमीटरने अंगावर आलेला खडा जितक्या जोराने लागतो, त्याच्या चौपट जोराने तोच खडा ताशी 180 किलोमीटरने लागतो. रस्त्यावर दोन-तीन वर्षांत जेवढे टवके पडले नव्हते तेवढे एका दिवसात का पडले, याचे उत्तर बरेचसे या चौपटीत आहे. उरलेले उत्तर पुढच्या गाडीच्या टायरमध्ये आहे. ट्रॅकसाठीचे मऊ, चिकट रबराचे सेमी-स्लिक टायर तापले की कडेची खडी उचलून धरतात आणि चाक फिरताना ती मागे भिरकावतात.

यावरून एक गोष्ट ठरते, आणि माझे पुढचे सगळे उत्तर तिच्यावर उभे आहे. रंगाच्या वर असा एखादा थर हवा, जो रंगाऐवजी स्वतः मार खाईल. त्यासाठी तो जाड हवा, लवचिक हवा, आणि काम झाल्यावर रंगाला न दुखावता काढून टाकता यायला हवा. तुम्हाला सुचवलेल्या तिन्ही उपायांना हीच कसोटी लावून पाहा.

सिरॅमिक कोटिंग या कसोटीवर उतरत नाही. त्याचा थर एक-दोन मायक्रॉनचा, फार तर थोडा अधिक. तो कठीण असतो, पण खड्यासमोर कठीणपणाचा उपयोग होत नाही. खड्याचा जोर कोणीतरी दबून जिरवावा लागतो आणि इतक्या पातळ थराला दबायला जागाच नसते. तो खालच्या रंगासकट फुटतो. सिरॅमिकचा खरा फायदा वेगळा आहे. त्या पृष्ठभागावर रबर, डांबर आणि ब्रेकची धूळ कमी घट्ट चिकटते, त्यामुळे संध्याकाळची साफसफाई निम्म्या कष्टात होते. ज्यांना वर्षातून अनेकदा ट्रॅकवर जायचे आहे त्यांनी ते जरूर करावे, पण साफसफाई सोपी व्हावी म्हणून करावे, टवके थांबतील या आशेने करू नये. शिवाय सिरॅमिक किंवा मेण लावलेल्या रंगावर टेप नीट धरत नाही, हेही लक्षात घ्या. आदल्या दिवशी मनापासून मेण लावून गाडी चकचकीत करायची आणि सकाळी त्यावर टेप लावायची, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत त्या टेपेच्या फडफडणाऱ्या पट्ट्या होतात.

पीपीएफ या कसोटीवर चांगली उतरते. ती थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेनची असते आणि तिची जाडी साधारण 150 ते 200 मायक्रॉन असते. म्हणजे तुमच्या संपूर्ण रंगाइतकाच किंवा त्याहून जाड असा रबरासारखा थर रंगावर बसतो. खडा लागला की फिल्म दबते, जोर आजूबाजूला पसरतो, आणि बहुतेक वेळा फिल्मवर एक लहानसा खळगा पडून विषय संपतो. तिच्यावरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात, पण हा गुण फक्त वरवरच्या ओरखड्यांपुरता आहे. जिथे फिल्म फाटली तिथे ती फाटलेलीच राहते. बोराएवढा दगड वेगाने आला तर तो फिल्मसकट रंग उडवतो, हेही मला अनेकदा पाहावे लागले आहे. तरीही कायमस्वरूपी उपायांमध्ये याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही.

मात्र सगळ्या गाडीला पीपीएफ बसवण्याची गरज बहुतेकांना नसते. ट्रॅकवरचा मार ठरावीक जागी बसतो: पुढचा बंपर, बॉनेटचा पुढचा तिसरा हिस्सा, आरशांची पुढची बाजू, काचेच्या दोन्ही कडांचे खांब, आणि ज्याकडे हमखास दुर्लक्ष होते तो मागच्या चाकाच्या पुढचा फुगीर भाग. त्या भागावर आणि दरवाज्याखालच्या पट्टीवर जी खडी लागते ती पुढच्या गाडीची नसते, तुमच्याच पुढच्या चाकांनी उडवलेली असते. तिथे हात फिरवून पाहा. ट्रॅकवर जाऊन आलेल्या गाडीचा तो भाग बारीक खरखरीत कागदासारखा लागतो. ज्याला एवढ्याच भागापुरता खर्च करायचा आहे, त्याला मी नेहमी बॉनेटची पुढची कड आणि हा मागचा भाग आधी करायला सांगतो, कारण या दोन्ही जागी सहसा पत्रा असतो आणि टवका खोल गेला तर पोलादी पत्र्याला गंज धरतो. बंपर प्लास्टिकचा असतो. तो कुरूप दिसेल, पण गंजणार नाही.

आता हेडलाइट. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बंपर पुन्हा रंगवता येतो, पण हल्लीचा एलईडी हेडलाइट खराब झाला तर बहुतेक वेळा अख्खा संचच बदलावा लागतो.

पूर्वी हेडलाइटची पुढची बाजू खरोखरच काचेची असे. दगड लागला की ती फुटे आणि तिचे तुकडे ट्रॅकवर पडून मागून येणाऱ्यांचे टायर फाडत. हेडलाइटवर टेपेची फुली मारायची पद्धत तिथून आली: फुटलेली काच जागच्या जागी धरून ठेवणे एवढाच तिचा हेतू होता. 1980च्या दशकापासून काचेची जागा पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकने घेतली. हे प्लास्टिक सहजासहजी फुटत नाही, पण त्यावर ओरखडे फार लवकर पडतात आणि ऊन त्याला पिवळे करते. म्हणून कारखान्यात त्यावर एक कठीण पारदर्शक लेप दिलेला असतो, तोही काही मायक्रॉनचाच. तेव्हा आजच्या गाडीला फुलीचा उपयोग जवळजवळ नाही, कारण पट्टीखालची जागा वाचते आणि चार पट्ट्यांमधली सगळी जागा उघडीच राहते. आयोजकांचा नियम असेल तर फुली मारा, नियमाशी वाद घालू नका; पण फुली मारली म्हणजे दिवा वाचला असे समजू नका.

अपारदर्शक टेपेने अख्खा हेडलाइट झाकणे हा त्याहून धोक्याचा प्रकार आहे, आणि तो का ते एका प्रसंगावरून सांगतो. हॅलोजन दिव्यांची एक गाडी माझ्याकडे ट्रॅक डेच्या दुसऱ्या दिवशी आली. मालकाने दोन्ही हेडलाइटवर काळी कापडी टेप अगदी नीटनेटकी लावली होती. दिवे आपोआप लागण्याची सोय मात्र चालूच राहिली होती, आणि दुपारी आभाळ भरून आल्यावर दिवे लागले. आत 55 वॅटचा बल्ब, बाहेर उजेड आणि उष्णता शोषून घेणारा काळा पडदा. मी टेप काढली तेव्हा तिचा चिकटा मधासारखा ताणला जात होता, आणि दिव्याच्या झोताच्या समोर रुपयाएवढा, दुधाळ, किंचित खडबडीत असा डाग पडला होता. तो पॉलिशने गेला नाही. दगडाने त्या दिव्याचे जे कधीच केले नसते ते टेपेने केले होते. म्हणून दिवा झाकायचाच असेल तर आधी तो पूर्ण बंद होतो याची खात्री करा. आपोआप लागण्याची सोय बंद करा, आणि दिवसा सतत जळणारे दिवे तुमच्या गाडीत बंदच होत नसतील तर तेवढा भाग मोकळा सोडा. इंडिकेटर आणि मागचे ब्रेक लाइट कधीही झाकायचे नाहीत. मागच्या चालकाचा सगळा अंदाज त्यांच्यावर चालतो.

हेडलाइटसाठी माझी पसंती सरळ पारदर्शक फिल्मला आहे. हेडलाइटसाठीची फिल्म बंपरवरच्या फिल्मपेक्षा जाड, 300 मायक्रॉनच्या आसपासचीही मिळते, दिवा लागला तरी चालते, ट्रॅकवरून रस्त्यावर येताना काढावी लागत नाही, आणि उन्हापासूनही थोडेबहुत रक्षण करते. काळसर किंवा रंगीत फिल्म घेऊ नका. तिने उजेड कमी होतो आणि रस्त्यावर नियमाची अडचण येऊ शकते. हेडलाइट लहान असल्यामुळे हे काम घरीही जमते. पृष्ठभाग स्वच्छ धुवा, पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून ते दिव्यावर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर फवारा, फिल्म मध्यावर टेकवा आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जा. वळणदार भागात हेअर ड्रायरची ऊब द्या म्हणजे फिल्म ताणली जाते. पहिले दोन-चार दिवस ती आतून ओलसर, धुरकट दिसेल. ते पाणी आपोआप निघून जाते, तिला उगाच उचकटू नका.

एक सूचना इथे ठळकपणे द्यावीशी वाटते. हेडलाइटवरचा चिकटा किंवा रबर काढायला थिनर, ॲसिटोन किंवा ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. ही द्रावणे पॉलीकार्बोनेटमध्ये मुरतात आणि त्याला आतून जाळीसारख्या बारीक चिरा पाडतात, ज्या नंतर कशानेही भरून येत नाहीत. ट्रॅकवर प्रत्येकाच्या हाताशी ब्रेक क्लीनरचा डबा असतो, त्यामुळे ही चूक फार सहज होते.

टेपेकडे वळू. टेप वाईट नाही. ज्याला वर्षातून एक-दोनदाच जायचे आहे त्याच्यासाठी ती पुरेशी आहे, फक्त ती कोणती, कशी आणि किती वेळ हे सांभाळावे लागते. रंगारी वापरतात ती कमी चिकट मास्किंग टेप रंगाला त्रास देत नाही, पण ती पातळ असते आणि वेगात तिच्या कडा सुटतात. डक्ट टेप आणि स्वस्त कापडी टेप घट्ट धरतात, पण तापलेल्या बॉनेटवर त्यांचा चिकटा मागे राहतो. खास ट्रॅकसाठी बनवलेली रुंद, कमी चिकटणारी तात्पुरती फिल्म मिळते, ती या दोहोंच्या मधली आहे आणि मिळत असेल तर तीच घ्यावी. नाही मिळाली तर रुंद मास्किंग टेपचे दोन थर एकमेकांवर लावा. एका थरापेक्षा दोन थर खूपच बरे काम करतात.

टेप लावताना कौले घालतात ती रीत आठवा. छपरावरचे पाणी वरून खाली येते, म्हणून कौले खालून वर घालत जातात आणि वरचे कौल खालच्यावर थोडे चढवतात. गाडीवर पाण्याच्या जागी वारा आहे आणि तो पुढून मागे वाहतो. तेव्हा पहिली पट्टी सर्वांत मागे लावा, तिच्या पुढच्या कडेवर दुसरी पट्टी बोटभर चढवा, आणि असे करत पुढे या. मग कुठलीच उघडी कड वाऱ्याच्या तोंडाला येत नाही. सर्वांत पुढची कड जमेल तिथे बॉनेट आणि बंपर यांच्या फटीत आत वळवा. हवा आत घेणाऱ्या जाळ्या, ब्रेकला वारा देणारी तोंडे, कॅमेरे, पार्किंगचे सेन्सर आणि पुढच्या चिन्हामागचा रडार झाकू नका. बंपर झाकण्याच्या भरात रेडिएटरची हवा अडली तर रंगाऐवजी इंजिनाची काळजी करत बसावे लागते.

लावण्याआधी पृष्ठभाग खरोखर स्वच्छ हवा, यावर मी अडून बसतो. धुळीवर लावलेली टेप दिवसभर थरथरते आणि खालची धूळ रंगावर पॉलिश पेपरासारखी फिरत राहते. संध्याकाळी टेप काढल्यावर पट्टीच्या कडेने जी मळकट, निस्तेज रेघ दिसते ती टेपेची नसते, खाली अडकलेल्या धुळीची असते. गाडीच्या तोंडावर चढवायचे कापडी किंवा कृत्रिम चामड्याचे आवरण, म्हणजे ‘ब्रा’, मी ट्रॅकसाठी नाकारतो ती याच कारणाने: ती अंगावर हलत राहते आणि तिच्याखाली वाळू शिरते.

टेप त्याच दिवशी काढायची. रात्रभर ठेवली आणि सकाळी उन्हात उभी राहिली की चिकटा रंगावर भाजला जातो. पत्रा कोमट असताना, म्हणजे हात टेकवून ठेवता येईल इतपतच गरम असताना, टेप स्वतःवर उलटी दुमडून, अंगासरशी, सावकाश ओढा. सरळ वर हिसका देऊ नका. थोडा चिकटा राहिलाच तर संत्र्याच्या सालीच्या तेलावर आधारित क्लीनर रंगावर बरा. हेडलाइटवर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरा.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येतो. कारखान्यात लागलेला रंग उच्च तापमानाला भाजलेला असतो आणि तो पत्र्याला फार घट्ट धरतो. दुरुस्तीत लावलेला रंग किती घट्ट आहे हे पूर्णपणे ज्याने काम केले त्याच्या हातावर अवलंबून असते, आणि प्लास्टिकच्या बंपरवर तर जास्तच, कारण तिथे रंग धरण्यासाठी खाली वेगळा प्रायमर द्यावा लागतो. तो टाळला गेला असेल तर रंग वर्षानुवर्षे छान दिसतो आणि पहिल्यांदा टेप ओढली की तिच्याबरोबर सोलून येतो. माझ्या स्वतःच्या हातून हे एकदा झाले आहे. बंपरच्या कोपऱ्यातून मी टेप ओढत होतो, आवाज नेहमीपेक्षा वेगळा, किंचित कडकडीत आला, आणि टेपेच्या मागे तळहाताएवढा लाल रंगाचा तुकडा होता. त्याची कड नखासारखी स्वच्छ तुटली होती आणि खाली काळे, गुळगुळीत प्लास्टिक दिसत होते. मालकाला बंपर पूर्वी रंगवलेला आहे हे ठाऊकच नव्हते, कारण गाडी त्याने जुनी घेतली होती. त्या दिवसापासून मी रंगाची जाडी मोजल्याशिवाय किंवा विचारल्याशिवाय कुठल्याही गाडीला टेप लावत नाही. धातूच्या पत्र्यावर साधे मापक चालते आणि 200 मायक्रॉनच्या वर आकडा गेला की मला पुन्हा रंगवल्याचा संशय येतो. प्लास्टिकवर हे साधे मापक चालत नाही, तिथे चौकशी आणि डोळे यांवरच भागवावे लागते.

तुमच्या बंपरची तुम्ही घरी चाचणी घेऊ शकता. खालच्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, मास्किंग टेपचा बोटभर तुकडा लावा, अर्धा तास उन्हात राहू द्या आणि सावकाश काढा. काही आले नाही तर तिथेच थोडी जास्त चिकट टेप लावून पाहा. दोन्ही वेळा रंग जागेवर राहिला तर कमी चिकटणारी तात्पुरती फिल्म लावायला हरकत नाही. तुकडाभर जरी रंग निघाला तरी या बंपरला काहीही चिकटवू नका आणि पीपीएफ तर मुळीच बसवू नका, कारण तिचा चिकटा मास्किंग टेपपेक्षा खूपच जोरदार असतो आणि काही वर्षांनी फिल्म बदलताना सगळा रंग तिच्याबरोबर येईल. अशा वेळी बंपरलाच मार खाणारा थर माना. हंगामभर त्याचे टवके खपवून घ्या आणि मग तो एकदाच नीट, योग्य प्रायमरसह रंगवून घ्या. हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो, पण मी स्वतः तो मनापासून देतो आणि पाळतो. मात्र नव्याने रंगवल्यावर लगेच काही चिकटवू नका: रंगातली द्रावणे उडून जायला वेळ लागतो, म्हणून रंगारी सांगेल तितके, साधारण एक ते तीन महिने थांबावे.

काळ्या डागांचे सोपे आहे, फक्त घाई आणि आळस दोन्ही टाळावे लागतात. गाडी थांबवल्याबरोबर पाणी मारू नका. ब्रेकच्या डिस्क त्या वेळी शेकडो अंशांवर असतात आणि एकदम थंड पाणी पडले तर त्यांना चिरा जाऊ शकतात किंवा त्या वाकतात. गाडी निवली की आधी नुसत्या पाण्याच्या धारेने वाळू काढा, मग शाम्पूच्या पाण्याने धुवा, आणि रबरावर डांबर काढायचे द्रावण लावून दोन-तीन मिनिटे थांबा. ते मऊ झाले की मायक्रोफायबरने हलकेच निघते. नखाने खरवडलेत तर रबर निघेल आणि ओरखडा राहील. हेच डाग आठवडाभर उन्हात वाळले की तासभराचे काम होते.

ब्रेकच्या धुळीकडे पांढऱ्या गाडीच्या मालकांनी विशेष लक्ष द्यावे. तापलेल्या डिस्क आणि पॅडमधून निघणारे लोखंडाचे कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि काही दिवसांनी गंजून नारिंगी ठिपके बनतात. ते धुऊन जात नाहीत. लोखंड विरघळवणारे द्रावण फवारले की प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळा ओघळ उतरतो. तो ओघळ म्हणजे लोखंड सुटत असल्याची खूण आहे. ते वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा. ब्रेक ऑइल सांडले तर मात्र पुसत बसू नका, ताबडतोब पाणी ओता; डॉट 3 आणि डॉट 4 प्रकारची तेले रंग मऊ करतात, पण पाण्यात मिसळून जातात.

फिल्म आणि टेप यांच्याइतकाच फरक पडतो तो ट्रॅकवरच्या अंतराने, आणि त्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून फेऱ्यामागून फेऱ्या मारल्या तर तिचे टायर उचलतील ते सगळे तुमच्या हेडलाइटवर येते. ओलांडता येत नसेल तर थोडे मागे राहा, किंवा एकदा पिटमधून (ट्रॅकच्या बाजूच्या थांब्यातून) जाऊन मोकळी जागा मिळवा. पुढच्याचे चाक वळणाच्या बाहेर मातीत उतरलेले दिसले की लगेच वेग कमी करा आणि शक्य असेल तर त्याच्या रेषेतून बाजूला व्हा, कारण पुढची दोन-तीन सेकंद तो खडी फेकतच येणार असतो. तुमची स्वतःची गाडी खडीत गेली तर सावकाश पिटमध्ये आणा आणि चाकांच्या आतली, खालच्या झाकणांवरची खडी काढल्याशिवाय परत जाऊ नका. तुमचा डावाच हेडलाइट जास्त धूसर झाला आहे. तुम्ही कोणाच्या तरी मागे, किंचित उजवीकडे राहून बराच वेळ चालवत होतात का, ते आठवून पाहा.

राहिले तीन आठवड्यांचे. पहिल्या दोन-तीन दिवसांत हेडलाइट ओला करून पाहा. ओला असताना धूसरपणा नाहीसा होत असेल तर तो बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि प्लास्टिकच्या सौम्य पॉलिशने हाताने निघेल. ओला असतानाही तसाच दिसत असेल तर तो आतला आहे आणि त्याला घासून काही उपयोग नाही. पॉलिशने भागले तर पॉलिश पेपरला हात लावू नका, कारण त्याने कारखान्याचा लेप जातो आणि ऊन रोखणारा नवा लेप किंवा फिल्म न दिल्यास दिवा काही महिन्यांत पिवळा पडतो. त्याच आठवड्यात बॉनेटवरच्या टवक्यांत जुळणारा रंग पातळ थरांनी भरा, एक थर वाळल्यावरच दुसरा. फिल्म त्यावर घाईने चढवू नका, रंगाला आठवडाभर द्या. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही हेडलाइटना पारदर्शक फिल्म बसवा. दोन्हींना, कारण एका बाजूची फिल्म जुनी आणि दुसऱ्या बाजूची नवी असली की उजेडात फरक दिसतो. बॉनेटच्या कडेची पीपीएफ करायची असेल तर तीही याच आठवड्याच्या अखेरीस करा, म्हणजे ट्रॅकवर जाण्याआधी तिचा चिकटा नीट धरायला सात-आठ दिवस मिळतील. बंपरचा निर्णय चाचणीच्या त्या बोटभर टेपवर सोडा, आणि तिच्या चिकट बाजूवर काय आले ते इथे कळवा. त्यावरून पुढचे सांगता येईल.